फोटोपुरता माईक

भाचीचा पत्रकारितेच्या पदवीसाठीचा अर्ज द्यायला तिच्याबरोबर कॉलेजात गेलो होतो. दारातच फ्लेक्सवर छापलेली न्यूजरूम आणि तिच्यापुढे एक माईक. अर्ज दिला की प्रत्येकानं तो माईक हातात धरून फोटो काढून घ्यायचा. कॉलेजच्या जाहिरातीला चेहरे मिळतात. मुलं केस सारखे करत रांगेत उभी होती, आईबाप कौतुकानं बघत होते.

भाचीची पाळी आली. तिनं माईक सरळ शेजारच्या सरांपुढे धरला. "सर, इथून पास झालेली मुलं आता कुठं काम करतात?"

सरांनी हसत माईक काढून घेतला. "बाळा, हा फोटोपुरता आहे."

रांगेतले सगळे पालक खो खो हसले.

मला शिसारी आली. सरांची थोडी, त्या हसण्याची जास्त. प्रश्न विचारायला शिकावं म्हणून पोरांना इथं आणायचं आणि पहिल्याच प्रश्नावर दात काढायचे! संध्याकाळी हीच माणसं टीव्हीपुढे बसून करवादणार, हल्ली कुणी काही विचारतच नाही म्हणून.

माईक परत भाचीच्या हातात आला. फोटोवाला म्हणाला, "ताई, आता बोलू नका. तोंड मिटून नुसतं हसा."

फोटो छान आला, असं सगळे म्हणाले.