शालूबाईचे श्वास

उद्यमनगरातल्या सयाजी चौगुल्यांनी पस्तीस वर्षं भजनी मंडळांची गाणी रेकॉर्ड केली. त्यांची सारी भिस्त एका जुन्या काँप्रेसरवर. मोठा आवाज दाबायचा, मग सगळाच थोडा वर उचलायचा, म्हणजे हळू शब्दही कानाशी येतात, एवढंच त्या यंत्राचं काम. पण त्यातून निघालेला आवाज ऐकला की माणूस पुढ्यात बसलाय असं वाटे. त्याचे काचेचे व्हॉल्व्ह गेले, तसले पुन्हा मिळाले नाहीत, आणि यंत्र माळ्यावर गेलं.

माघात त्यांची बायको शालूबाई वारली. तिने वाद्यांशिवाय म्हटलेले पाळणे टेपवर होते. वर्षश्राद्धाला ते लावायचे आणि ती जवळ बसून म्हणतेय असंच वाटलं पाहिजे, हा सयाजींचा हट्ट. मुलगी संयोगिताने टेप कॉम्प्युटरवर घेतली आणि जुन्या काँप्रेसरांच्या तीन सॉफ्टवेअर नकला उतरवून दिल्या.

सयाजींनी तिन्हींचा आवाज आधी एका पातळीवर आणला. मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. पहिलीत शब्द बोथट झाले. दुसरीत आवाज गोड, पण लांबचा. तिसरी लावली आणि पडद्यावरचा आवाज मोजणारा काटा थेट जुन्या यंत्राच्या काट्यासारखा लवला.

"हीच," ते म्हणाले. "जवळ आली बघ."

संयोगिता कान देऊन ऐकत होती. "आबा, आई मधी श्वासच घेत न्हाय की."

सयाजींचा हात माऊसवरच राहिला. श्वास ऐकू आला म्हणजे काम कच्चं, हा त्यांचा नियम. गाणाऱ्या प्रत्येकाचा श्वास ते टेपमधून ब्लेडने कापत आणि ताल चुकू नये म्हणून तेवढ्याच मापाची कोरी टेप जोडत. शालूबाई म्हणायची, "श्वास कापतासा व्हय? एक दिवस जीवच कापशीला माझा!"

"गप की, माप चुकतंय," हे त्यांचं उत्तर.

"ते तुकडं कुठं ठेवलासा, आबा?"

"केरात. तीच झाडून न्यायची."

त्यांनी आवाज उचलायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. ओळ संपली. पुढची सुरू होईतो काटा निपचित पडून राहिला.

वर्षश्राद्धाला पाळणे लागले. "समोर बसल्यागत वाटतंय की ओ," पाहुणे म्हणाले. सयाजी भिंतीला टेकून बसले होते. दर ओळ संपली की शालूबाईच्या जागी ते स्वतः श्वास घेत होते.