न झालेली फायनल

रामदासपेठेतल्या एका टपरीवर रविवारी सकाळी आम्ही जुन्या बॉक्सरांच्या लढती लावतो. सगळे नागपूरचेच, आमच्या लहानपणीचे. जे कधी एकमेकांसमोर आले नाहीत त्यांना कल्पनेत समोरासमोर उभं करायचं आणि कोण जिंकला असता यावर भांडायचं. नियम एकच: फायनल न खेळलेल्याला जागा नाही. हा नियम माझ्या मोठ्या भावाला बाहेर ठेवायलाच केलाय, असं मी सगळ्यांना तोंडावर सांगत आलोय.

शहर स्पर्धेची सेमीफायनल भाऊ जिंकला, पण भुवई फुटली. डॉक्टरनं फायनलला उतरू दिलं नाही. फायनलला त्याच्या समोर असलेला डावखुरा एकही ठोसा न मारता चॅम्पियन झाला. त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. माझा भाऊ टाके घेऊन सायकलनं घरी आला.

मी जुन्या मोटारसायकली विकून वर आलोय. बंद इंजिनाचाही भाव काढतो. मग भावाचा का सोडू?

गेल्या रविवारी मी त्याला मुद्दाम त्याच्या बेसाच्या घरून टपरीवर आणलं. डावखुऱ्याचे जुने भक्त, एक रिटायर्ड बाबूजी, आपल्या हिरोची कोणाशी तरी जोडी लावत होते.

"बाबूजी, फायनलमध्ये त्यानं कोणाले हरवलं?"

"वॉकओव्हर होता गा. साऱ्याले माहीत आहे."

"मंग तो बी फायनल खेळला नाही. काढा त्याले बाहेर."

बाकावरचे हसले. बाबूजींच्या कपातला चहा हिंदकळला. "काहून सकाळी सकाळी पेटून राहिला? लाव बाबा तुया भावाची त्याच्यासंगं जोडी. पण हरते तो."

मी सौद्याला बसलो. पहिला राउंड त्यांना सोडला, दुसरा ओढून घेतला. तिसऱ्यावर गाडी अडली. दोघांचेही आवाज रस्त्यापलीकडे जायला लागले.

"बरोबरी," बाबूजी थकून म्हणाले.

"घेऊन टाक," भाऊ म्हणाला. "चांगला होता तो. कायले भांडतं?"

"दादा, तू मधात बोलू नको."

घरचाच माणूस फुटलेला पाहून बाबूजींना जोर चढला. "खरं सांगू? तुया भाऊ हमेशा उजवीकडे फिरे. सीधा त्याच्या डाव्या हातावर गेला असता."

भाऊ पोह्यांवर तर्री ओतत होता. मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी डावीकडे फिरणार होतो. टाके पडल्यावर बी घरामागं तेच करून पाहत होतो."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी याच्यासाठी घसा फोडला आणि यानं असला माल दाबून ठेवला होता!

शेवटी बाबूजींनी हात पुढे केला. "चाल गा, बरोबरी पक्की."

मी हात दिला नाही.

"ते मघाशी होतं, बाबूजी," मी म्हटलं. "आता भाव वाढला."