मुठीतली जोडवी

चिकलठाण्याच्या विमानतळावर आईनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तिकडच्यांच्या डोक्यात बघशील, आपल्यांच्या डोक्यात कोण बघायचं?" मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र सोबत आला. माझी आजी, म्हणजे आईची आई, आणि बिडकीनची मावशी, दोघीही मेंदूतली नस फुटून गेल्या, चांगल्या हिंडत्याफिरत्या. म्हणून तर मी या अभ्यासाला लागले आणि दौलताबादच्या पेरूच्या बागेतून थेट हॉलंडच्या लॅबमध्ये पोचले.

सायकलच्या ट्यूबला येतो तसा मेंदूतल्या रक्तवाहिनीलाही कधी फुगा येतो. तो का येतो, केव्हा फुटतो, हे शोधणं माझं काम. पावसात सायकल हाणत लॅबला जायचं, दुपारी थंडगार सँडविच खायचं, संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईची बोलणी खायची. मला हे आयुष्य आवडतं, उगाच रडगाणं गाणार नाही. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे कळेल. मागे राहिलेल्यांनी राग मानू नये.

पण घरातल्या दोघांना हा आजार झाला की सख्ख्या नात्यातल्यांनी स्कॅन करून घ्यावा, असं मी परिषदांमधून सांगत होते आणि माझी आईच तयार होत नव्हती. मागच्या दिवाळीला आले तेव्हा तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेलंच. सोबत निम्मी भावकी, दशम्या आणि ठेचा बांधून. टेक्निशियननं अंगावरचा सगळा धातू काढायला सांगितला आणि आई उठून उभी राहिली. "माणूस जित्ता असताना गळा मोकळा करू व्हय? मी नाय काढायची." मी मशीनमधलं लोहचुंबक समजावत बसले. काकूसुद्धा तिच्याच बाजूची.

अप्पा, माझे वडील, उठून बाहेर गेले आणि समोरच्या किराणा दुकानातून दोरा आणि हळकुंड घेऊन आले. मंगळसूत्र तुटलं तर गाठवून येईपर्यंत आमच्याकडं हळकुंड बांधतात, हे मी पार विसरले होते. चारचौघांत आईचं नावही न घेणाऱ्या अप्पांनी वेटिंग रूममध्ये तिच्या गळ्यात हळकुंड बांधलं, पायाच्या बोटांना दोरा गुंडाळला आणि म्हणाले, "झालं. लगीन लागलं पुन्हा. जा आता." काकूनं अक्षता नाहीत म्हणून डब्यातले चुरमुरे उधळले आणि नर्सची बोलणी खाल्ली. हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये लाजत लाजत आई आत गेली.

मी अप्पांना लॉकर दाखवला. त्यांनी ऐकलं नाही. मंगळसूत्र आणि जोडवी मुठीत धरून बसून राहिले, चहासुद्धा दुसऱ्या हातानं प्याले.

फुगा सापडला. लहानच, पण वाईट जागी. डॉक्टरांनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक तार वर नेऊन तो आतून भरून टाकला, आणि थोड्याच दिवसांत आई बागेत पोपटांवर ओरडायला लागली. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच शोधनिबंधानं दिलेला नाही.

मग राहिले मी. आईची लेक म्हणून माझाही स्कॅन हवा होता. मशीन माझ्या लॅबच्या खालच्याच मजल्यावर आहे. सहकारी म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकू. मी म्हणाले, घरी जाऊन करते. त्यांना ते चमत्कारिक वाटलं आणि मला कारण सांगता येईना.

या उन्हाळ्यात त्याच वेटिंग रूममध्ये मी कानातलं आणि अंगठी काढून अप्पांच्या हातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली. शेजारी आई बसली होती, गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी. "जा, आम्ही हाय इथं," ती म्हणाली.

त्या मशीनच्या खडखडाटात भलेभले घाबरतात, आणि आत काय निघू शकतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मला चक्क झोप लागली. स्कॅन स्वच्छ निघाला, पण ते नंतर कळलं. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच: अंगावरचं सगळं ज्यांच्या हाती देऊन आत निर्धास्त झोपता येतं, ती माणसं दाराबाहेर बसलेली असणं.