कीबोर्ड बंद करायचा नाही

९ जून १९९५ रोजी माझ्या भावोजींनी ब्याण्णव हजार सहाशे पन्नास रुपये रोख देऊन एक कीबोर्ड विकत घेतला. नोटा मोजायला मी बरोबर गेलो होतो. मी तेव्हा एका कंपनीत अकाउंटंट होतो आणि घरात कुणाला काही मोठं घ्यायचं असलं की पैसे मोजायचं आणि पावती तपासायचं काम आपोआप माझ्याकडे येई. ते पैसे ताईने आणि त्यांनी घरासाठी साठवलेले होते. खोक्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "भावोजी, यंत्रावर दर वर्षी घसारा धरावा लागतो. सात-आठ वर्षांत ह्याची किंमत शून्य होईल."

"घसारा तुझ्या ऑफिसातल्या खुर्च्यांना लाव," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते मला घसाराच म्हणतात. मी लेखाविभागाचा प्रमुख झालो, पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होईन, पण त्यांच्या दारात हाक तीच येते.

भावोजी दिवसा छापखान्यात नोकरी करत आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवत. पुढे छापखाना बंद पडला, ऑर्केस्ट्रा राहिला. त्यांना नोटेशन वाचता येत नाही. सगळं कानावर. पण त्या पेटीत पियानो, ऑर्गन, बासरी, व्हायोलिनांचा अख्खा ताफा होता, आणि एकावर एक थर रेकॉर्ड करून पूर्ण गाणं बांधायची सोय होती. भावोजी रात्रंदिवस बटणं फिरवत बसले आणि कारखान्यातून आलेल्या आवाजांतून त्यांनी स्वतःचे आवाज घडवले. वादक त्यांना टोन म्हणतात. भावोजींचा एक ऑर्गन असा आहे, की तो सुरू झाला की मागच्या रांगेत गप्पा मारणारी माणसंसुद्धा मान वर करतात. तो कसा बनवला, हे विचारलं तर म्हणतात, "मला काय ठाऊक? फिरवत गेलो, झाला."

तसला कीबोर्ड आमच्या शहरात आणखी चौघांकडे आहे. कंपनीने तो बनवणं केव्हाच थांबवलं. आता सगळं लॅपटॉपमध्ये मिळतं, तरी ह्या पाचांपैकी एकही जण आपला विकत नाही. एकाने तर बंद पडलेला सहावा कीबोर्ड केवळ त्याच्या पट्ट्यांसाठी घेऊन पलंगाखाली ठेवलाय. त्याची बायको म्हणते, "ह्यांनी पलंगाखाली सवत ठेवलीय." नवी मुलं कुठे हा कीबोर्ड दिसला की पियानोचं बटण दाबून एक सूर लावतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. लहानपणी ऐकलेल्या प्रत्येक गाण्यात हाच पियानो होता, हे त्यांना तेव्हा कळतं.

मागच्या वर्षी एका बुधवारी ताईचा ऑफिसात फोन आला. ती ऑफिसात कधी फोन करत नाही.

"तू आजच ये. ह्यांचं काहीतरी बिघडलंय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"डॉक्टरकडे जायला घराबाहेर पडायला नको का? तीन आठवडे झाले. दोन कार्यक्रम बुडवले. ऑर्केस्ट्राच्या मालकांना सांगितलंय कंबर धरलीय म्हणून. कंबर चांगली आहे. रोज पेटीशेजारी गादी टाकून झोपतात."

संध्याकाळी गेलो. जिन्यातच मीटरबोर्डावर भावोजींच्या अक्षरात कागद होता: 'कृपया कुणीही हात लावू नये.' दार ताईने उघडलं. घरात फ्रिज बंद होता, भाज्या पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या. इस्त्री शेजारणीकडे. मिक्सरवर फडकं बांधलेलं. आतल्या खोलीत भावोजी दाढी वाढवून बसले होते आणि समोर कीबोर्ड चालू होता. त्याचा छोटा पडदा निळसर उजेड टाकत होता.

"ये घसारा. वायरीवर पाय देऊ नकोस."

मी पाय इतका झटकन उचलला की पडता पडता वाचलो. त्यांचा चेहराच तसा होता.

गोष्ट अशी होती. ह्या कीबोर्डाच्या पोटात घड्याळात असतो तसला एक चपटा सेल असतो. कीबोर्ड बंद असताना त्यातले सगळे टोन त्या सेलवर जगतात. सेल संपला की टोन गेले. पेटी कारखान्यातून आली तशी कोरी. भावोजींना पडद्यावर तीन आठवड्यांपूर्वी सेल संपत आल्याची सूचना दिसली होती. मशीन चालू आहे तोवर टोन विजेवर जगतात, सेलची गरज नाही. म्हणून त्यांनी ते बंदच केलं नव्हतं.

"दुसरीकडे उतरवून घेता येत नाही?"

"फ्लॉपीच्या खाचेतला रबरी पट्टा विरघळून गेलाय. कॉम्प्युटरला वायर जोडायचं भोक स्टेजवरून पडलं तेव्हाच तुटलं. दुरुस्त करायचं तर आधी मशीन बंद करावं लागेल."

"सूचना पहिल्यांदा आली तेव्हाच का नाही..."

ताई म्हणाली, "पडद्याच्या त्या कोपऱ्यावर ह्यांनी चिकटपट्टी लावली होती. सूचना दिसू नये म्हणून. किती वर्षं, ते ह्यांनाही सांगता येत नाही. तीन आठवड्यांपूर्वी पट्टी आपोआप सुटली."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तेव्हाच ताईने मोबाइल पुढे केला. वीज कंपनीचा संदेश होता. उद्या गुरुवारी लाइनच्या दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते दुपारी दोन पुरवठा बंद.

"आणि शनिवारी कार्यक्रम आहे," ताई म्हणाली. "मालक म्हणाले, वहिनी, कंबर असो की मान, शनिवारी आले नाहीत तर मी लॅपटॉपवाल्याला कायमचं घेतो. तो चौथ्या गल्लीतला वादक म्हणाला, माझी पेटी घेऊन जा. पण तिच्यात ह्यांचे टोन कुठे आहेत?"

भावोजी पट्ट्यांवरून नुसता हात फिरवत होते. "माझ्याकडे दुसरं काय आहे? बोटं आता जड झाली. लोक ह्या टोनसाठी मला बोलावतात. हे गेले तर मला परत करता यायचे नाहीत. मी चौसष्ट वर्षांचा आहे रे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठल्या उठल्या एक युक्ती सुचली आणि मी सरळ ऑफिसात गेलो. आमच्या विभागात कॉम्प्युटर वीज गेली तरी चालू ठेवणारा यूपीएस असतो. गेटपास करून, रजिस्टरवर सही करून तो घेतला. नोकरीत पहिल्यांदाच कंपनीची वस्तू बाहेर नेत होतो. रिक्षात तो मांडीवर धरून मी स्वतःवर खूश होतो.

घरी मेकॅनिक आलेला होता. पाचही कीबोर्ड त्याच्याच हातून दुरुस्त होतात. मी यूपीएस जमिनीवर ठेवला आणि म्हटलं, "हा घ्या. वीज गेली तरी वीस मिनिटं चालेल, तेवढ्यात काहीतरी करा."

मेकॅनिकने यूपीएसकडे पाहिलं, मग भिंतीतल्या प्लगकडे, मग माझ्याकडे. "साहेब, ह्यात प्लग घालायचा तर आधी भिंतीतून काढावा लागेल ना?"

भावोजींनी डोळे मिटले. मी यूपीएस पायाने हळूच पलंगाखाली सरकवला.

"एकच मार्ग आहे," मेकॅनिक म्हणाला. "चालू मशीनमध्येच सेल बदलायचा. पण मी हे कधी केलेलं नाही. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलं होतं, चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही. डाव्या बाजूला पत्र्याचा डबा आहे, त्यात करंट खेळतो. स्क्रू ड्रायव्हर निसटून पडला तर टोन जातील, मशीन जाईल, आणि माझं काय होईल ते देव जाणे."

"मग राहू दे," ताई म्हणाली. "माणसापेक्षा पेटी मोठी नाही."

मेकॅनिकने घाम पुसला. मग म्हणाला, "माझ्या लग्नात ह्यांनी ह्याच पेटीवर वाजवलंय, वहिनी." आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला काळी पट्टी गुंडाळायला लागला.

स्क्रू खालच्या बाजूला होते. म्हणजे चालू कीबोर्ड उभा करायचा. मागची वायर सॉकेटात सैल होती. भावोजी म्हणाले, ती हलली की संपलं. ते काम माझ्याकडे आलं. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ती वायर सॉकेटात दाबून धरली. ताईने टॉर्च धरला. भावोजींना मेकॅनिकने खोलीबाहेर काढलं, कारण त्यांच्या श्वासाच्या आवाजाने त्याचा हात हलत होता.

तळाचा पत्रा निघाला. आत धूळ होती, हिरव्या पाट्या होत्या, आणि एका कोपऱ्यात तो रुपयाएवढा सेल. मेकॅनिकने सगळी धातूची हत्यारं बाजूला ठेवली, आइस्क्रीमची लाकडी काडी घेतली आणि ती सेलखाली घातली. काडी वाकली. सेल हलेना. माझ्या हाताला मुंग्या यायला लागल्या.

तेवढ्यात इमारतीची पाण्याची मोटर सुरू झाली. खोलीतला दिवा मंद झाला. पंखा हळू झाला. कीबोर्डाचा पडदा थरथरला.

"मोटर!" भावोजी बाहेरून ओरडले आणि जिन्याने खाली धावल्याचा आवाज आला. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या क्षणी घेतलं. दिवा पुन्हा उजळला. टक् असा आवाज होऊन सेल उडाला आणि ताईच्या पायाशी जाऊन पडला.

"हलू नका," मेकॅनिक म्हणाला. त्याने नवा सेल काडीच्या टोकाने ढकलत बसवला. पडदा चालूच होता. मी वायर सोडली तेव्हा बोटं सरळ होईनात.

पेटी आडवी केली. भावोजी धापा टाकत वर आले. खाली वॉचमनशी भांडून मोटर बंद करून आले होते.

"झालं?"

"सेल बसलाय," मेकॅनिक म्हणाला. "धरलाय की नाही, ते बंद करून पुन्हा लावल्याशिवाय कळणार नाही."

हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. घड्याळात दहाला थोडाच वेळ होता. ताई पुढे झाली. "मी बंद करते. गेलं तर माझ्या नावाने शंख करा."

"थांब." भावोजींनी तिचा हात धरला. "वीज कंपनीने बंद केलं तर मरेपर्यंत कंपनीला शिव्या देत बसेन. तू केलंस तर तुला. मीच करतो." आणि त्यांनी मागे हात घालून बटण दाबलं. पडदा विझला. ती पेटी मी पहिल्यांदाच इतकी काळी पाहिली.

"थोडं थांबा," मेकॅनिक म्हणाला. "आतली वीज उतरू द्या. मग लावा."

आम्ही थांबलो. आणि तेवढ्यात पंखा थांबला. वीज कंपनी वेळेच्या आधी काही करते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मी पलंगाखालून यूपीएस ओढला. "आता ह्यात लावता येईल. आता प्लग काढायला भीती नाही."

"नको," भावोजी म्हणाले.

"अहो, पाच मिनिटांत कळेल."

"नको म्हटलं ना. दोन वाजता बघू." ते बंद कीबोर्डासमोर बसले आणि वाजवू लागले. आवाज नव्हता, नुसती पट्ट्यांची खटखट. मध्येच म्हणत, "हा ऑर्गन." मग, "ही बासरी. आमची गायिका म्हणायची, हिच्यात वारा आहे." मेकॅनिकने मला डोळ्यांनी खुणावलं: राहू द्या. चहा झाला, कुणी प्यायला नाही. ते टोन माझे नव्हते, तरी मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो.

तासभराने ताई आतून आली. पदर खोचलेला होता. तिने भिंतीतला प्लग उपटला आणि यूपीएसमध्ये घातला.

"अगं, काय करतेस!"

"गेलं असेल तर ते मघाशीच गेलंय. इथे बसून घाबरल्याने परत यायचं नाही. आणि मला स्वयंपाक करायचाय, सगळे खटखट करत बसलेत." तिने यूपीएस सुरू केला, मग कीबोर्ड.

पडदा उजळला. अक्षरं आली. भावोजींनी पाहिलं नाही. मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सूचना नाही." एवढ्याने काय कळणार? कोऱ्या पेटीतही सूचना नसती.

"दाबा की," ताई म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

भावोजींनी बोट ठेवलं. ऑर्गन वाजला. तोच. यूपीएस दर थोड्या वेळाने पीं पीं करत होता आणि ते त्यामधून एकेक टोन तपासत गेले. बासरी, व्हायोलिनं, आणखी कितीतरी. शेवटच्या टोनला बोट उचललंच नाही. वीस मिनिटं संपून यूपीएस मेला तेव्हा आवाज तुटला, आणि खोलीत कुणीही दचकलं नाही.

मेकॅनिकने जाताना बजावलं, "महिन्याभरात पेटी दुकानात आणा. फ्लॉपी नि भोक दोन्ही करून टोन उतरवून ठेवू. जुना कारखान्यातला होता म्हणून एवढा टिकला, हा सेल पाच-सात वर्षं जाईल." भावोजींनी मान हलवली. पेटी त्यांनी आजवर नेलेली नाही, कारण ती दुकानात मुक्कामाला ठेवावी लागेल. रात्री अधूनमधून उठून ते ती चालू करून बघतात, असं ताई सांगते. मी विचारलं तर म्हणाले, "पाच वर्षांनी मी एकोणसत्तरचा असेन. तेव्हा हा प्रकार पुन्हा. वायर धरायला येशील ना?"

शनिवारी ते टेम्पोत पुढे न बसता मागे पेटीशेजारी बसून हॉलवर गेले. कार्यक्रम झाला. ऑर्गन सुरू झाला तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसांनी मान वर केली की नाही, ते मला माहीत नाही. मी भिंतीतल्या प्लगकडे बघत होतो. टेम्पोवाल्याच्या भाड्यातले साठ रुपये माझ्याकडे सुट्टे नव्हते म्हणून राहिले. ते अजून द्यायचे आहेत.