सातव्या मंगळवारचा उपवास

रक्तात साखर निघाली त्या दिवसापासून माझ्या डोक्याचं पार भजं झालं होतं. जावेने सांगितलं, भात बंद करा. शेजारणीने सांगितलं, भात खा, पण पेज काढून खा. मोबाईलवर कुणी दर दोन तासांनी खायला सांगे, तर कुणी दिवसातून दोनदाच. मी मेथीचं पाणी प्यायले, कारल्याचा रस प्यायले, चार दिवस पहाटे चालले आणि पाचव्या दिवशी गुडघा धरून बसले. एकही गोष्ट महिनाभर टिकली नाही. माझ्या आईचा पाय या साखरेपायी कापावा लागला होता. शेवटची तीन वर्षं ती खाटेवर होती आणि तिचं सगळं मीच केलं. त्यामुळे मला मरणाची नाही, त्या खाटेची भीती वाटत होती.

अशा वेळी माणूस देवाचे पाय धरतो. आमच्या लोधिवली गावाच्या मागे डोंगराच्या सोंडेवर देवीचं लहानसं देऊळ आहे. चढायला अर्धा तास लागतो. नऊ मंगळवार पाण्याशिवाय काही घेणार नाही, अनवाणी दर्शनाला येईन, तेवढी माझी साखर घालव, असा नवस मी बोलले. शंका एकच होती. सकाळची गोळी उपवासाला चालते का? कर्जतची नणंद आमच्या घरात व्रतवैकल्यांची मोठी अधिकारी. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, औषदाला दोष नाय. खुशाल घ्या." देवळातल्या गुरवानेही तेच सांगितलं. घरात ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मला कशाला इचारतेस? तुला करायचं तेच तू करणार." इतक्या जणांना मी विचारलं, गोळी उपवासाला चालते का? उपवास गोळीला चालतो का, हे कुणालाच सुचलं नाही, आणि मलाही नाही. डॉक्टरांना तर मी नवसाचा सुगावाही लागू दिला नाही. देवाची गोष्ट डॉक्टरांना कशाला सांगायची, असं वाटलं.

सहा मंगळवार पार पडले. खोटं कशाला बोलू, मंगळवारची सगळी भूक मी बुधवारी सव्याज वसूल करत होते. तपासणी केली तर साखर होती तिथेच. डॉक्टरांनी जुनी गोळी बंद करून जास्त जोराची दिली आणि मी देवीवर मनातून रुसले. एवढं उपाशी राहून हेच फळ का, हे मला कळेना. तरी सातव्या मंगळवारी अंघोळ केली, नवी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि डोंगराची वाट धरली.

मार्गशीर्षातली थंड सकाळ होती. निम्म्या चढावर मला दरदरून घाम फुटला. हातपाय थरथरू लागले, छाती धडधडू लागली, समोरची झाडं हलल्यासारखी दिसू लागली. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, देवी अंगात येतेय! सासूबाईंच्या अंगात यायचं ते मी लग्न झाल्यापासून बघत आले होते. वाटलं, रुसवा पोचला, आई आली. मी वाटेतच हात जोडून डोळे मिटून उभी राहिले. आनंदाने रडतसुद्धा होते. मग गुडघे कधी टेकले ते आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा एक बाई माझ्यावर वाकली होती. वरच्या आदिवासी ठाकूरवस्तीतली, माझ्याच वयाची. वालाच्या शेंगांची पाटी तिने बाजूला ठेवली होती आणि ती माझे तळहात चोळत होती. मी पुटपुटले, "आई आलीय अंगात." ती म्हणाली, "अंगात काय नाय गं बाय. हात बर्फ झालंत तुझं. सकाळपून पोटात काय हाय?" मी म्हटलं, "गोळी." तिने फडक्यातून गुळाचा खडा काढून माझ्या ओठांशी धरला. मी तोंड फिरवलं. माझा सातवा मंगळवार होता, मोडला तर पुन्हा पहिल्यापासून. तोंडातून धड शब्द फुटत नव्हते, तरी एवढं मी तिला सांगितलं. ती उठून उभी राहिली. मग देवळाच्या दिशेने हात जोडून मोठ्याने म्हणाली, "आई, हिचा आजचा उपास मी धरला गं. हिला खाऊ दे." आणि मला म्हणाली, "आता खा. तुजा नाय, माजा हाय तो."

मी गूळ खाल्ला. मग तिची नाचणीची अख्खी भाकरी खाल्ली. ती शेजारी बसून होती. थरथर थांबली तशी तिने मला हाताला धरून खाली रस्त्यापर्यंत आणून सोडलं.

सगळं ऐकून डॉक्टर रागावले, आणि रागावणारच. एवढ्या जोराच्या गोळीवर उपाशी राहणं जिवावर बेतलं असतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. तेव्हापासून न्याहारी ठरल्या वेळी, भात वाटीभर, दुपारी भाकरी. रात्री जेवल्यावर ह्यांना ओढून हायवेच्या फाट्यापर्यंत जाते नि परत येते. गुडघा कुरकुरला तर निम्म्यातून वळते, पण निघायचं चुकवत नाही. उपवास सोडले. नवसाचं काय झालं, मला ठाऊक नाही. सातवा मंगळवार माझ्या नावावर की तिच्या, तेही कळत नाही.

पुढच्या मंगळवारी मी तिच्यासाठी गूळ आणि भाकऱ्या घेऊन गेले. रस्त्याकडेला ती शेंगा विकत बसली होती. मी हसतच विचारलं, "त्या दिवशी खरंच उपास धरलास का गं?" ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली. "म्हंजे? आईसमोर बोलले ना मी? दिवस मावळल्यावर घरला जाऊन सोडला." एवढं बोलून ती वळली आणि भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकावर चिडली.

म्हणजे त्या मंगळवारी भर उन्हात पाटी घेऊन ती दिवसभर उपाशी बसली होती, आणि मी घरी पंख्याखाली झोपले होते. सहा मंगळवार मी माझ्या पायांसाठी देवीशी सौदा केला. तिने एक मंगळवार परक्या बाईसाठी दिला आणि बदल्यात काहीच मागितलं नाही. मला रडूच कोसळलं.

त्या दिवशी वाटेवर कोण भेटलं, असं लोक विचारतात. नणंद ठामपणे सांगते, देवीच. मला नाही सांगता येत. शेंगांना भाव कमी मिळाला म्हणून चिडणारी देवी मी तरी ऐकलेली नाही. पण आता मी देवीकडे काही मागत नाही. रोज सकाळी ताट पुढे घेते, हात जोडते आणि वेळेवर जेवते. माझ्यासाठी कुणीतरी उपाशी राहिलंय, मग खाण्याची हेळसांड करायला मी कोण?