जाड पोळ्या

चाकणला आमच्या खोल्यांसमोर मेस चालवणाऱ्या मावशी कुणालाच नावाने हाक मारत नाहीत. ‘ए फर्स्ट शिफ्ट, भात घे,’ ‘सेकंड शिफ्ट, ताट उचल,’ असंच. माझी शिफ्ट बदलली की माझं नावही बदलतं. बोलणं संपवताना ‘व्हय का न्हाई?’ असं विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत.

एकदाच थांबल्या. गॅस, पीठ, तेल सगळंच महागलं होतं आणि आमचा पगार होता तिथंच होता. ‘पैसं वाढवू, का चारच्या तीन पोळ्या करू?’ त्यांनी विचारलं. मी नववीत शाळा सोडून नांदेडहून आलेलो. मेसचे पैसे वाढले असते तर घरी पाठवायचे कमी पडले असते. मीच आधी बोललो, ‘तीन करा, मावशी.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. पण तेवढ्यावर मशीनपुढं उभं राहणं निभेल का, याची मला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी ताटात तीनच पोळ्या आल्या, पण चांगल्या जाडजूड.

‘मावशी, ही पोळी आहे का उशी?’ शेजारी बसलेला हसला.

‘मोजून तीन हायत. चौथी मागायची न्हाई.’

ताट ठेवायला आत गेलो, तर चार पोळ्यांच्या कणकेचे त्या तीन गोळे करत होत्या.

‘मावशी, यात तुमचं काय वाचलं?’

‘गॅस वाचतो की थोडा.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘पगार वाढला की सांग. परत चार पातळ लाटीन.’

ते सांगायला मिळावं म्हणून दर महिन्याला पगाराचा मेसेज मी दोनदा वाचतो.