टर्बोच्या पाइपातला दहीभात

भानामती, करणी, बाहेरचं... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा विश्वास स्कॅनरवर. किकवीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे; डिझेल गाड्यांच्या टर्बो-सेन्सरची कामं करतो. स्कॅनर गळ्यात अडकवून डॉक्टरसारखा हिंडतो — बायको म्हणते, नंदीबैलवाल्यासारखा. असो.

मागच्या उन्हाळ्यात वेल्ह्याच्या नानांनी बोलावलं. नाना दुधाचा टँकर चालवतात. चढ लागला की टँकरची पार गोगलगाय व्हायची. दोनदा दूध वाटेत नासलं होतं. डेअरीनं बजावलं होतं — पुन्हा नासलं तर टँकर बंद.

सकाळी स्कॅनर लावला. कोड आला : टर्बोच्या हवेचं प्रेशर कमी. टर्बोकडून इंजिनकडे जाणारा पाइप उघडला, आतून स्वच्छ पुसला, प्रेशर सेन्सर नवा टाकला, क्लॅम्प आवळले. कोड गेला. तोवर टँकरही भरला होता. मग मी रुबाबात, "नाना, सरका. आज मीच चालवतो."

नसरापूरच्या वाटेवर एका तिवाठ्यावर मधोमध उतारा ठेवलेला. पत्रावळीवर दहीभात, कुंकू, कापलेलं लिंबू.

"मेस्तरी, बाजूनं घ्या," नाना म्हणाले.

"नाना, माझ्या स्कॅनरमध्ये उताऱ्याचा कोडच नाही!" असं म्हणून मी मुद्दाम चाक त्यावर घातलं. फच्च! स्वतःच्या विनोदावर हसलोसुद्धा. एकटाच.

पुढचाच चढ. चेक लाइट पेटली आणि टँकर रांगायला लागला.

"झालं समाधान?" नाना म्हणाले. "ऊन बगा कसलं हाय. दूध नासलं की म्या काय तुमचा स्कॅनर गळ्यात घालून हिंडू?"

कोड तोच. क्लॅम्प सकाळी आवळला तसाच घट्ट होता. तो सोडला आणि... छी! भपकाच आला. आंबूस, कुजकट. मी गाढव, चाचपायला आत बोटं घातली — गिळगिळीत, कोमट. दहीभात! शितं अख्खी, कुंकवानं लालभडक, त्यात लिंबाची फोड. नव्या कोऱ्या सेन्सरवर दह्याचा थर. मी तिथंच रस्त्याकडेला ओकलो.

आता गंमत ऐका. हवा आधी फिल्टरमधून येते, मग टर्बोच्या पंख्यातून. फिल्टर कोरडाठाक. आणि त्या पंख्यातून एक शीत गेलं असतं तरी त्याची पेज झाली असती.

नानांनी आत डोकावून नाकाला उपरणं लावलं. "काडा समदं. जितलं हाय तितं ठिवून या."

"अहो नाना, त्यानं काय होणार?"

"मला तरी कुठं ठावं हाय? पर तुमाला दुसरं काय सुचतंय का? न्हाई ना? मग जावा की! दूध तापतंय."

मग काय... तो लगदा ओंजळीत घेऊन भर उन्हात आल्या वाटेनं परत चालत निघालो. दह्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळतंय, माश्या तोंडावर. समोरून एसटी आली. अख्खी एसटी खिडक्यांतून माझ्याकडे बघत गेली.

तिवाठ्यावर पोचलो आणि बघतो तर काय! उतारा जसाच्या तसा. भाताची मूद न मोडलेली, पत्रावळीला साधी घडी नाही. धुळीत माझ्या टायरची नक्षी होती — पत्रावळीच्या अलीकडेही आणि पलीकडेही.

हातातलं तिच्या शेजारी ठेवलं आणि मागं न बघता पळालो.

पाइप धुतला, सेन्सर पुसला. टँकर चढ असा चढला, जणू काही झालंच नव्हतं. डेअरीत दूध तपासलं — पास! नानांचा टँकर आजही चालू आहे. त्या दिवशी त्यांनी खुशीत पेलाभर दूध पुढं केलं. "घ्या मेस्तरी, मान तुमचा." मी हाताचा वास घेतला आणि पेला तसाच परत केला.

हे कसं झालं, मला अजून कळलेलं नाही. ऐकणारे म्हणतात, उंदरानं नेलं असेल. ठीक आहे. क्लॅम्प सोडून, आत भात ठेवून, कुंकू वाहून, क्लॅम्प पुन्हा तितकाच घट्ट आवळणारा उंदीर कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. असला हात गॅरेजला हवाच आहे.